इश्यू क्रमांक एकेचाळीस

रात्री साडेदहाला, मुलगी झोपली की
मी दुकान उघडते.
दुकानच म्हणायचं. गल्ला नाही,
गिऱ्हाईक मात्र कुठकुठलं.

दिवसभर सातपूरला दुसऱ्याचा कोड, पगारी.
हा माझा, म्हणजे कुणाचाच नाही:
जुन्या मराठी फाँटातला मजकूर
युनिकोडमध्ये आणणारा एवढासा प्रोग्रॅम.
मावशीची लोणच्यांची फाईल उघडत नव्हती,
तेवढ्यापुरता लिहिला होता.
मग कुणी वापरला. मग कुणाचं अडलं.

आज उघडे इश्यू एकशे अठरा.
एक म्हणतो, चालत नाही.
काय चालत नाही, ते म्हणत नाही.
एक विचारतो, कुणी जिवंत आहे का इथे?
आहे. कुकर लावत होते.
तालिनची एक मुलगी तीन ओळींचा पॅच पाठवते,
मराठीचा गंध नाही तिला,
पण ओळी अशा की माझ्याच फाईलमध्ये
त्या पाहुण्यासारख्या उठून दिसतात.
आणि एक बहाद्दर चारशे ओळी बदलून
खाली लिहितो, किरकोळ सुधारणा.
त्याला नाही म्हणायला पाऊण तास जातो.
'आभारी आहे' लिहिते, खोडते,
कोरडं वाटतं, पुन्हा 'आभारी आहे'.

तळाशी एकेचाळीस. चार वर्षं उघडा.
'आपला प्रोग्रॅम दऱ्यांचा दर्या करतो.
मी त्र्यंबकच्या दऱ्या दिल्या, समुद्र परत आला.
अर्धा र पाहावा ही विनंती.
आपला, दिगंबर तांबट, भद्रकाली, नाशिक १.'
इश्यूखाली पत्ता कोण लिहितं?

मी तेव्हा लिहिलं होतं: बघते.
मग मुलगी झाली.
नव्वद दिवस कुणी बोललं नाही, म्हणून
एका यंत्राने त्यावर चिठ्ठी डकवली: शिळा.
मी ती काढली. तीनदा.

गेल्या मंगळवारी सुटलं. दोन ओळी,
एक तक्त्यातली, एक तपासणीची:
दऱ्या दे, दऱ्या घे.
हिरवी खूण आली
आणि बंद करायचं बटण दाबवेना.

शनिवारी स्कूटर काढली.
शालिमारला गाडी लावून उरलेलं चालत.
चार वर्षं, आणि अंतर तीन किलोमीटर.

तांबटकाका दारातच बसले होते, वाटाणे सोलत.
चाळीस वर्षं खिळे जुळवले म्हणाले, छापखान्यात.
'अर्धा र नेहमी कमी पडायचा.
फाउंड्री मोजून द्यायची.
लग्नसराईत आचाऱ्यांची बिलं, शेतकऱ्यांचे मेळावे,
मग शेजारच्या छापखान्यातून मूठभर उसने आणायचो,
रात्री धुऊन परत.'
हिशेब कोण ठेवायचं, मी विचारलं.
'कशाला? त्यांचा ळ संपायचाच की.'

माझ्या फोनवर त्यांनी एका बोटाने
फाईल चालवली. चष्मा वर केला, खाली केला.
दऱ्या.
'बरं,' म्हणाले.
चार वर्षांनंतर, बरं.

सांगितलं, यादीत तुमचं नाव घातलंय.
'मी कुठे काय लिहिलं?'
चूक लिहिलीत ना.
त्यावर ते काहीच बोलले नाहीत,
वाटाण्याचं ताट बाजूला सारून आत गेले
आणि कॅलेंडरचा पाठकोरा कागद घेऊन आले.
सतरा चुका. क्रमांक घालून,
प्रत्येकीपुढे पान आणि ओळ,
शेवटची तारीख गेल्या दिवाळीची.
'तू बघते म्हणाली होतीस,
म्हणून पुढच्या पाठवल्या नाहीत.'

रात्री एकेचाळीस बंद केला.
मग कागद कीबोर्डला टेकवून
एकेक टंकत गेले, त्यांच्याच शब्दांत, पत्त्यासकट.
एकशे सतरा झाले होते,
एकशे चौतीस झाले.

सोळा बरोबर आहेत.
सतरावी मला मान्य नाही,
तो ल त्यांच्या छापखान्याच्या सवयीचा आहे.
तसं लिहायला हवं.
लिहिलं, 'आभारी आहे'.
खोडलं.